आतल्या पुस्तकातल्या वेळा

६ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. (साष्टांग मनातल्या मनात घातला आहे. गुडघे माझे आहेत, तुझ्या रेल्वेखात्याचे नाहीत.)

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि उत्तर आज लिहिते आहे, तेव्हा आधीच कान पकडते. कामाने पिच्छा पुरवला आहे. दवाखान्यामागच्या माझ्या खोलीत टेबलभर प्लास्टरचे जबडे आ वासून बसलेत आणि प्रत्येकाला आपली कवळी उद्याच हवी आहे. परवा एका बाईंना नवी कवळी बसवली. आरशात एकदा पाहिलं आणि पहिल्याच दमात त्यांनी नवऱ्याला चार खडे बोल सुनावले. सहा महिने तोंडात दात नव्हते, तेवढ्या काळाचं सगळं साठवून ठेवलं होतं. तो बिचारा माझ्याकडे असा बघत होता, जसं काही मीच हे घडवून आणलं.

आता मुद्द्याचं. एप्रिलात आमच्या दवाखान्याची फरशी उखडून नवी घालणार आहेत. मला बारा दिवस सक्तीची सुट्टी. चौतीस वर्षं तू त्या लांबच्या गाडीचं वेळापत्रक बसवलंस. तिचं एक टोक तुझ्या दाराशी आणि दुसरं माझ्या. जग तुझ्या वेळापत्रकावर डोंगर बघून आलं आणि तू मात्र एकदाही त्या गाडीत बसला नाहीस, माझ्याकडे यायचास तेही घाईघाईत बसने. दर वर्षी तुझा पास कपाटात पडून मुदत संपवायचा. निवृत्त झाल्यावर जाऊ म्हणालास, त्यालाही आठ वर्षं झाली. आता सबबी पुरे. तू आणि वहिनी तिकडून निघा, मी इकडून निघते, आणि डोंगरातल्या त्या गावात भेटू. बाकी आखणी तू कर. नाहीतर मी करीन आणि आपण भलत्याच गावी पोचू.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तेवढा पुरत नाही, थोडा वाढवून पाठवावा.

तुझी,
खार


१४ जानेवारी

चि. खारीस,
अनेक आशीर्वाद, आणि उशिराबद्दल दंड माफ.

तुझं पत्र दुपारी आलं आणि चहा होईपर्यंत मी होकार देऊन बसलो होतो. तुझी वहिनी म्हणते की लग्न ठरवताना मी जास्त वेळ घेतला होता.

आखणी अशी. दोन्ही गाड्या एकाच दिवशी सकाळी आपापल्या टोकाहून निघतात आणि दुसऱ्या दिवशी दुपारी डोंगरातल्या गावात समोरासमोर येतात. वर एकच रूळ आहे, त्यामुळे एकीला दुसरीसाठी थांबावंच लागतं. कार्यालयात हे आम्ही मोठ्या तक्त्यावर काढायचो. आडवे तास, उभी स्टेशनं, जाणारीची रेघ तांबडी आणि येणारीची निळी. त्या गावापाशी दोन रेघा एकमेकींना छेदतात. तो छेद मी इतक्या वेळा काढला आहे की कागदाला तिथे भोक पडायचं. आमची गाडी तिथे ३.५२ ला येते, तुझी ३.५९ ला. म्हणजे मी फलाटावर सात मिनिटं तुझी वाट बघायची.

तू डावीकडची खिडकी घे. पहिल्या संध्याकाळी ५.४८ ला तळ्याचं स्टेशन येईल. तिथून पुढे अर्धा तास पाणी तुझ्या बाजूला. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर झोपू नकोस, कारण उंच पूल लागतो आणि त्यावर गाडी मुंगीच्या पावलांनी जाते. गावात स्टेशनमागच्या चढावर एक बाई दोन खोल्या देतात. तुझ्या वहिनीने त्यांना लिहिलं आहे. तीन दिवस तिथे राहू, मग सगळेच तुझ्या गाडीच्या वाटेने खाली तुझ्याकडे येऊ. तुझ्या बाजूच्या तेवीस थांब्यांच्या वेळा वेगळ्या कागदावर लिहिल्या आहेत. सगळ्या डोक्यातून उतरवल्या आहेत, पुस्तकाला हात लावलेला नाही.

हे याच एप्रिलात करू. पुढच्या वर्षावर ढकलू नकोस.

आणखी एक, सहज विचारतो. आपल्या अण्णांचं ते विसरणं नेमकं कितव्या वर्षी सुरू झालं? सत्तराव्या की त्याच्या आधी? ते तुझ्याकडे होते, तुला पक्कं ठाऊक असेल.

दोघांचे आशीर्वाद. लोभाच्या बाबतीत तुझी मागणी मंजूर.

तुझा,
दादा


२२ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. आणि एक तक्रार.

तुझा कागद घेऊन मी काल ऐटीत स्टेशनावर गेले. तिथल्या टपरीवर छापील वेळापत्रक घेतलं आणि बाकावर बसून तुझ्या वेळा ताडून पाहिल्या. दादा, तेवीसपैकी तेवीस चुकीच्या! तळ्याचं स्टेशन म्हणे ५.४८ ला, पुस्तकात ५.५५. डोंगरातल्या गावात तू मला ३.५९ ला उतरवतोस आणि छापील गाडी सव्वाचारला येते. मला वाटलं, पुस्तकच जुनं असेल. म्हणून खिडकीवरच्या माणसाला विचारलं. त्याने तुझा कागद वर-खाली पाहिला आणि म्हणाला की अशा वेळांना इथे कुठलीच गाडी येत नाही, आणि कधी येत होती असंही त्याच्या ऐकिवात नाही. मग त्याने दात काढले. वरचे दोन पडायला आलेत, तेवढं मी बघून ठेवलं.

चौतीस वर्षं लोकांच्या गाड्या हाकल्यास आणि आठ वर्षांत डोक्याला एवढा गंज! मी हे इथे दवाखान्यात सगळ्यांना सांगितलं, सगळे पोट धरून हसले. आखणी आता माझ्याकडे दे. तू फक्त बॅग भर, आणि तीही वहिनींना तपासायला लाव.

अण्णांचं अडुसष्टाव्या वर्षी सुरू झालं. आधी वस्तू भलतीकडे ठेवायला लागले, मग वेळा चुकायला लागल्या. का रे विचारलंस?

लोभ असू दे, वेळापत्रक राहू दे.

तुझी,
खार


३० जानेवारी

चि. खारीस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. एप्रिलातला बेत रद्द समज. तुझ्या वहिनीने खोल्यांसाठी लिहिलं होतं, त्या बाईंनाही आज नको म्हणून कळवलं आहे. कारण विशेष काही नाही, या वयात एवढा प्रवास झेपणार नाही. तू सुट्टीत एखाद्या मैत्रिणीबरोबर जाऊन ये. डावीकडची खिडकी मात्र घे.

कळावे.

दादा


१ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि. ह्यांना न सांगता लिहिते आहे, तेव्हा उत्तर घरी पाठवू नका. शेजारच्या शिवणकामवाल्या बाईंच्या पत्त्यावर पाठवा. फोन केला असता, पण हे दिवसभर फोनशेजारच्या खुर्चीतच बसून असतात.

तुमच्यावर माझा राग नाही, हे आधी सांगते. तुम्हाला ठाऊकच नव्हतं. गेलं वर्षभर ह्यांचं काहीतरी बिनसलं आहे. चष्मा पावाच्या डब्यात सापडतो. बोलता बोलता शब्द अडतो आणि मग चिडून उठून जातात. दुपारभर झोपतात, भर उन्हात स्वेटर घालून बसतात. दिवाळखोर माणसासारखं सगळ्यातून अंग काढून घेतलं आहे. मागच्या महिन्यात भाजी आणायला गेले ते दोन तास आले नाहीत. मी शोधायला निघाले, तर सहा वर्षांपूर्वी सोडलेल्या आपल्या जुन्या घराच्या दारात उभे होते. कुलपात आत्ताच्या घराची किल्ली घालून फिरवत होते. आतल्या बाई घाबरून खिडकीतून बघत होत्या. मी हात धरून त्यांना घरी आणलं. मग म्हणाले की मामंजींचं झालं तेच आपलं होणार. हे सदुसष्ट पूर्ण करून अडुसष्टाव्यात आहेत, तुम्हाला माहीतच आहे.

डॉक्टरकडे चला म्हटलं की म्हणतात, निकाल ठाऊक असताना कोर्टात कशाला जायचं. तुमचं सहलीचं पत्र आलं तेव्हा मात्र किती दिवसांनी हसले! टेबलावर कागद पसरून वेळा लिहायला बसले. मला म्हणाले की सगळं गेलं तरी हे जाणार नाही, हे पाठ आहे. वन्सं, ती सहलीची आखणी नव्हती. ती त्यांनी स्वतःची घेतलेली परीक्षा होती. आणि तुमचं पत्र आलं, तेवीसपैकी तेवीस चूक. वर अडुसष्टावं वर्ष.

पत्र वाचून त्यांनी घडी घातली आणि रंगीत पेन्सिलींचा डबा उचलून माळ्यावर ठेवून दिला. छापील पुस्तक आणून बघा तरी, असं मी म्हटलं, तर हात जोडले माझ्यापुढे. मला काही सुचत नाही. तुम्ही मामंजींचं सगळं केलंत, म्हणून तुम्हाला विचारते, मी आता काय करू?

माया आहे ती असू द्यावी, सध्या तिची फार गरज आहे.

तुमची,
वहिनी


१२ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि. हे पत्र पूर्ण वाचल्याशिवाय घडी घालायची नाही. वहिनींनी मला सगळं कळवलं आहे. त्यांच्यावर चिडायचं असेल तर आधी माझ्यावर चिड, रांगेत मी पुढे आहे.

वहिनींचं पत्र वाचलं आणि तुझी दोन्ही पत्रं पुन्हा काढून वाचली. तू अण्णांचं वय विचारलंस तेव्हाच मला कळायला हवं होतं. त्याऐवजी मी दवाखानाभर हशा पिकवला. दादा, मला माफ कर. दोन दिवस माझं कामात लक्ष नव्हतं. एका गृहस्थांच्या कवळीत मी डावीकडचा दात उजवीकडे बसवला.

तिसऱ्या दिवशी डोकं ताळ्यावर आलं. माझ्याकडे माणसं कवळी टोचते म्हणून परत येतात. एखाद्याच ठिकाणी टोचत असेल तर माझी कानस चुकलेली असते, तेवढं घासून द्यायचं. पण सगळीच कवळी एका अंगाला सरकली असेल तर मी दात घासत बसत नाही. माप कुठून घेतलं ते बघते. म्हणून तुझा कागद पुन्हा काढला आणि छापील पुस्तकाशेजारी ठेवला. तुझ्या तेवीसही वेळा छापील वेळेच्या आधीच्या आहेत. कुठे पाच मिनिटं, कुठे सोळा, पण एकही नंतरची नाही. ज्याचं डोकं चालत नाही तो दोन्हीकडे चुकतो. अण्णा सकाळला संध्याकाळ म्हणायचे आणि संध्याकाळला सकाळ. तू एकाच बाजूला चुकला होतास, तेही अगदी शिस्तीत.

आमचे स्टेशनमास्तर माझे गिऱ्हाईक आहेत, वरची-खालची दोन्ही माझीच. खिडकीवरच्या दंतविकाराला टाळून मी थेट त्यांच्या खोलीत गेले. त्यांनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं, मग कपाटातून एक जाड काळं पुस्तक काढलं. ते म्हणाले की हे आतलं पुस्तक, आमच्या माणसांसाठी. गाडी खरी धावते ती ह्याच्यावर. लोकांसाठीच्या बाहेरच्या पुस्तकात पोचायची वेळ थोडी पुढे सरकवून छापतात, म्हणजे गाडी रेंगाळली तरी ती वेळेवर आली असं प्रवाशांना वाटतं. खिडकीवरचा माणूस नवा आहे, त्याने आतलं पुस्तक उघडूनही पाहिलेलं नाही. मग त्यांनी बोट ठेवून एकेक वेळ ताडली. दादा, बावीस वेळा मिनिटाला मिनिट जुळल्या! तेविसावी तळ्यानंतरच्या स्टेशनाची. तिथे पुलाचं काम निघालं म्हणून गेल्या वर्षी तीन मिनिटं वाढवली आहेत, आणि ते काही तुला कोणी कळवलं नव्हतं.

कागद लिहिणारा कोण, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. तर तुझ्या तांबड्या पेन्सिलीतल्या चिठ्ठ्यांचा त्यांनी अजून धसका घेतलेला आहे. पत्र लिहिताय तर आमच्याकडे सगळं ठीक चालू आहे असं कळवा, म्हणाले.

आता नीट ऐक. हे काही प्रमाणपत्र नाही. जुन्या गोष्टी तर अण्णांनाही पाठ होत्या, हे तुझ्याइतकंच मलाही माहीत आहे. पण तू जो पुरावा धरून बसलास तो खोटा निघाला. मग बाकीचे पुरावे खरेच आहेत हे कशावरून? पडताळून न बघता तू आयुष्यात एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाहीस. हे मात्र न बघताच ठरवून टाकलंस. डॉक्टरकडे जा. जो निकाल येईल तो आपण तिघं मिळून बघू. वाईट आला तर मी आहे, मला त्या कामाचा सराव आहे.

उत्तर येईपर्यंत माझ्या जिवाला चैन पडणार नाही, एवढं ध्यानात असावं.

तुझी,
खार


२४ मार्च

चि. खारीस,
अनेक अनेक आशीर्वाद. हात मोकळा सोडून देतो आहे.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि मग स्वतःच्या कपाळावर हात मारला. ते जादा मिनिटांचं काम खालच्या मजल्यावर व्हायचं. आमचा तक्ता पुरा झाला की तो खाली जायचा, तिथली माणसं त्यात पाणी घालून छापायला पाठवायची. मी बाहेरचं पुस्तक कधी उघडलंच नाही, मला त्याची चीड होती. तरीही तुझं पत्र आलं तेव्हा हे आठवायला हवं होतं. आठवलं नाही, कारण मी घाबरलो होतो. तू चूक म्हणालीस आणि मी लगेच मान डोलावली. पडताळून बघायची हिंमत झाली नाही, हे तुझ्यापाशी कबूल करतो.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी मला चार वस्तूंची नावं लक्षात ठेवायला सांगितली, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, आणि मग काय, तर कागदावर घड्याळ काढून त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा म्हणाल्या. चौतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला! मी मिनिटांच्या साठही खुणा काढल्या. त्या म्हणाल्या, एवढी गरज नव्हती. मग रक्त तपासलं. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी काम करेनाशी झाली आहे. थंडी वाजणं, झोप, शब्द अडणं, डोक्यावर धुकं, सगळं तिच्यामुळे. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. चार आठवडे झाले. स्वेटर पेटीत गेला. परवा शब्दकोडं पुरं सोडवलं. अण्णांचा आजार मला दिसत नाही, असं त्या स्पष्ट म्हणाल्या. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं आहे, पण तेही काळजीपोटी नाही, रिवाज म्हणून.

हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. तुझी वहिनी दवाखान्याच्या बाकावर बसून पदर तोंडाला लावून रडली, आणि डोळे पुसून झाल्यावर वर्षभराचं सगळं ऐकवलं. रस्ताभर. मला ते ऐकायला फार बरं वाटत होतं. खोल्यांच्या बाईंना तिने पुन्हा लिहिलं, त्यांचा होकार आला आहे. बारा एप्रिलला निघायचं.

आता दुसरं पान. हे मुद्दाम वेगळ्या कागदावर लिहितो.

याच एप्रिलात जाऊ असा हट्ट मी धरला, त्याचं कारण डोंगर नव्हते. मला तुला एक गोष्ट सांगायची होती, आणि ती विसरून जायच्या आत सांगायची होती. अण्णांच्या शेवटच्या चौदा महिन्यांत मी एकदाही तुझ्याकडे आलो नाही. नव्या वेळापत्रकाचं काम आहे, सुट्टी मिळत नाही, असं लिहीत राहिलो. खारे, त्या वर्षी नवं वेळापत्रक निघालंच नाही. त्याआधीच्या खेपेला मी आलो, तेव्हा अण्णांनी मला नळ दुरुस्त करायला आलेला माणूस समजून मोरी दाखवली होती. तू चहा करत होतीस, तुला कळलं नाही. मी नळ पाहिला, ठीक आहे म्हणालो, आणि मला ते पुन्हा सोसवलं नसतं. तुला ते रोज सोसावं लागत होतं. रोज सकाळी तू कोण हे तू त्यांना नव्याने सांगत होतीस. मी ते सगळं तुझ्यावर टाकून पळालो. अकरा वर्षं झाली. माझं चुकलं.

तुझा,
दादा


३१ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि., आणि या वेळी खरोखरचा, खाली वाकून. गुडघे गेले खड्ड्यात.

तुझं पहिलं पान मी उभ्या उभ्याच वाचलं आणि हुश्श करून प्लास्टरच्या गोणीवर बसले. मग दवाखान्यातल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं. ज्यांनी तेव्हा पोट धरून हसायचं काम केलं होतं, त्यांना आता टाळ्या वाजवायला लावल्या. स्टेशनमास्तरांनाही कळवून आले. ते म्हणाले, तुमची गाडी बारा तारखेला वेळेवर सोडतो, साहेबांना तक्रारीला जागा ठेवत नाही. वहिनींना सांग, त्यांनी रस्ताभर ऐकवलं त्यात माझ्या वाटचं काही राहिलं असेल तर मी घेऊन येते.

दुसरं पान घरी येऊन, दार लावून वाचलं.

त्या वर्षी नवं वेळापत्रक निघालं नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं. औषधाच्या दुकानाची वाट स्टेशनावरूनच जाते. जुनंच वेळापत्रक तिथे टांगलेलं मला रोज दिसायचं. मला तुझा राग आला होता, दादा, फार आला होता. काही सकाळी अण्णांना मी खार म्हणून सांगितलं की ते खूश व्हायचे, इकडेतिकडे शेपूट शोधायचे. ते हसू सांगायला मला कोणीतरी हवं होतं, आणि दुसऱ्या कोणाला ते सांगून कळलं नसतं. नळाचं मला आज कळलं. तू खाली बसून नळ बघतो आहेस हे डोळ्यांपुढे आलं आणि मी खूप रडले. अकरा वर्षांचा राग एका पानाने जाईल असं मला वाटलं नव्हतं, पण बराचसा गेला.

तरीही हे पान मी ठेवून घेणार नाही. याच पाकिटात घालून परत पाठवते आहे. ते खिशात घालून आण. त्या गावात एखाद्या बाकावर बस, एका बाजूला वहिनी, एका बाजूला मी, आणि मला ते मोठ्याने वाचून दाखव. मग मी तुला अण्णांच्या त्या चौदा महिन्यांचं सगळं सांगीन, हसण्याचंही आणि बाकीचंही, आणि तू ते उठून न जाता ऐकायचं. तीन दिवस आहेत, पुरतील. विसरलो म्हणायची सोय डॉक्टरीणबाईंनी आता तुला ठेवलेली नाही.

लोभ होता आणि आहे. उरलेला समक्ष.

तुझी,
खार